आम्ही उपस्थित होतो म्हणे

पेपरात नाव यायला माणसाने काही करावं लागतं, हा जुना गैरसमज आहे. न केलेल्या कामाबद्दल येणारं नाव उलट जास्त ठळक येतं.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका पुरवणी फडकावत दारात हजर. "झाडं लावता आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही?" बघतो तर आदल्या दिवशी प्रभागात झालेल्या वृक्षारोपणाला 'ज्येष्ठ समाजसेवक' म्हणून आमची प्रमुख उपस्थिती! त्या वेळी आम्ही घरी मेथी निवडत होतो. साक्षीदार सौ. पण सौं.नी बातमी नीट वाचली, चष्मा काढला आणि आमच्याकडे रोखून पाहत विचारलं, "मग मेथी कुणी निवडली?"

बातमीसोबत फोटोही होता. एका वीतभर रोपट्याला डझनभर हात लागलेले, सगळे चेहरे कॅमेऱ्याकडे, रोपटं तेवढं जमिनीकडे बघत होतं. जी पोरं खरोखर चिखलात उभी राहिली, ती 'आदी मान्यवर'मध्ये गडप. नावानिशी झळकलो ते आम्ही.

आयोजक म्हणजे आमच्या वॉर्डाचे भावी नगरसेवक. (आम्ही इथे राहायला आलो तेव्हाही ते भावीच होते.) त्यांना गाठलं. "काका, प्रेसनोट शुक्रवारीच गेली होती. कार्यक्रम झाल्यावर पाठवली तर रविवारच्या अंकात जागा मिळत नाही."

"आणि फोटो?"

"तो गेल्या वर्षीचा. पण खड्डा तोच आहे."

खड्ड्याला हसू नये. राज्य सरकारचं वृक्षलागवडीचं लक्ष्य २०१६ साली २ कोटी होतं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ आणि २०१९ ला एकदम ३३ कोटी. पुढे २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमायची वेळ आली. तेव्हा छापील हजेरी लावल्याचा संशय आमच्या एकट्यावरच आहे असं नाही.

तरी खुलासा छापून आणावा म्हणून वार्ताहरांकडे गेलो. ते म्हणाले, "न आल्याचा पुरावा आणा."

"अहो, आम्ही आलो नव्हतो हे आम्हीच सांगतोय."

"तुम्ही सांगाल हो. पण छापून आलंय ना!"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बातमीपुढे खुद्द लोकनायकांचंही काही चाललं नव्हतं. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची बातमी सांगितली. आकाशवाणीने ती देशभर पोचवली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं. आणि इकडे जसलोकमध्ये जेपींचा श्वास व्यवस्थित चालू! लोकसभेचं कामकाज शब्दशः छापलं जातं, म्हणजे हयात माणसाला वाहिलेली ती श्रद्धांजली दप्तरी कायमची जमा. लोकनायक गेले ते ८ ऑक्टोबरला. तोवर सहा महिन्यांहून जास्त काळ, खाटेवर पडून का होईना, ते सरकारी बातमीला खोटं पाडत राहिले. जिथे त्यांच्यासारख्याचं हयात असणं ग्राह्य धरलं गेलं नाही, तिथे आमच्या घरी असण्याला कोण विचारतो? आम्हाला नुसतं 'समाजसेवक' करून सोडलं, 'कै.' लावलं नाही, हे उपकारच म्हणायचे.

समाजसेवक होण्याचा खर्च मात्र बराच येतो. मंडळाच्या पोरांनी यंदा पावतीचा आकडा आम्हाला न विचारताच भरून आणला. "पेपरात नाव येतं तुमचं," एवढंच स्पष्टीकरण. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या रोपट्याला पाणी घालायचं आमच्याकडे लावून दिलं आहे. ते कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही, आम्हालाही नाही.

परवा भावी नगरसेवकांचा फोन आला. "काका, रविवारी रक्तदान शिबिर आहे."

"अहो, पासष्टी उलटली आमची. आमचं रक्त कोण घेणार?"

"तुम्ही कशाला येताय? तुमचं रक्तदान झालंय. प्रेसनोट गेली सकाळीच."