पट्टीचे पारखी

पट्टीचा पोहणारा, पट्टीचा गवई, पट्टीचा खाणारा अशी माणसं पुष्कळ पाहिली. पट्टीचा पारखी मात्र आयुष्यात एकच भेटला, आणि तोही खरोखरच्या पट्टीपायी. भेटला नव्हे, भेटली. ती माझी आत्या. वय पंच्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मोटारगाडीबद्दल तिला एकच गोष्ट माहीत : पुढच्या सीटवर बसलं की मळमळत नाही.

निवृत्तीनंतर माणसाला दोनपैकी एक नाद लागतो. एकतर तीर्थयात्रेचा, नाहीतर दुरुस्तीचा. आमच्या कळमनुरीच्या माणसाची पहिली हौस फार लवकर फिटते. औंढा नागनाथ जवळ, नर्सी नामदेव जवळ, नांदेडचा गुरुद्वाराही जवळ. पंधरा दिवसांत पुण्य गोळा करून माणूस ओसरीवर परत. मग नजर जाते पत्र्याच्या शेडकडे. आमच्या शेडमध्ये काकांची फियाट होती आणि फियाटमध्ये कोंबड्या होत्या.

फियाट म्हणायची आपली सवय; कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी इतकी वर्षं धावली, की ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सीच्या धंद्यातून कायमची उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला घरातलं माणूस गेल्यासारखा निरोप दिला. आमची गाडी टॅक्सी नव्हती, पण तिलाही विश्रांती नव्हती. गल्लीतल्या निम्म्या नवरदेवांनी तिच्यातून वरात काढली आणि त्याच निम्म्यांच्या बायका पुढे बाळंतपणाला तिच्यातूनच हिंगोलीला गेल्या. काकांच्या आधीचा मालक कापसाचा व्यापारी, मोठा हौशी. त्यानं गाडीच्या दोन्ही अंगांना, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, अंगठ्याएवढ्या रुंदीच्या स्टेनलेसच्या पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. मी गाडी बाहेर काढली तेव्हा रंग गेला होता, रबर गेलं होतं, सीटमधला काथ्या उंदरांनी नेला होता. पट्ट्या तेवढ्या होत्या. मळकट, चेपलेल्या, पण गंजाचा एक ठिपका नाही.

गाडीवर जे जे चमकतं त्याला आपण सरसकट ‘क्रोम’ म्हणून मोकळे होतो. क्रोम म्हणजे लोखंडावर निकेल आणि निकेलवर क्रोमियमचा पातळसा मुलामा. एकदा का खाली पाणी शिरलं की पापडासारखा फुगतो आणि पापुद्रे सोडतो. स्टेनलेसचं तसं नाही. तिथं मुलामाच नाही, आतबाहेर एकच धातू. त्यातला क्रोमियम हवेशी संगनमत करून अंगावर डोळ्यांना न दिसणारं एक कवच धरतो. ओरखडा पडला तरी कवच पुन्हा धरलं जातं. शेजारी शेजारी ठेवून बघा : क्रोमची झाक निळसर, स्टेनलेसची किंचित पिवळट, उबदार. नवखा माणूस बंपर आणि पट्टी यांच्यातला हा फरक बघून पॉलिशवाल्याशी भांडतो. मीही भांडलो. त्या भांडणात चूक माझी होती.

आमचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. त्या निजामासाठी १९१२ सालची एक पिवळी रोल्स रॉइस बनली होती, मागे सिंहासनासारखी बैठक असलेली; ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोक अजून तोंडात बोट घालून बघतात. आणि शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं बंदुकीच्या नळ्यांसाठी चिवट पोलाद शोधता शोधता न गंजणारं पोलाद ओतलं ते १९१३ साली. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचं स्टेनलेस एका वर्षानं हुकलं, आणि कळमनुरीच्या कापूसवाल्याला ते बिनबोभाट मिळालं. काळाचा न्याय असाही असतो.

पट्ट्या उतरवून, तुकड्यांना नंबर घालून, नांदेडला एका पॉलिशवाल्याकडे दिल्या. भाव फुटावर. तो म्हणाला, “मिरर फिनिश देतो, काका. तोंड बघून दाढी करा.” पंधरा दिवसांनी पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून आल्या. कागद सोडला आणि ओसरीवर उजेड पडला. आमच्या गावाच्या नावातच नूर, नूरीबाबांच्या दर्ग्याचं हे गाव. त्या दुपारी तो नूर आमच्या दारात उतरला असं मला वाटलं. शेजारचे आले. “काय चमकायलीय!” म्हणाले. पुतण्यानं फोटो काढला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी माणसानं सायकल थांबवून पट्टीत बघून केस विंचरले. याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं? मी धन्य होऊन आत्याला हाक मारली.

“उन्हात कामून ठेवलास? उन्हात सगळंच चमकतंय,” ती म्हणाली. “सावलीत आण.”

ओसरीच्या खिडकीला उभे लोखंडी गज आहेत. त्या खिडकीसमोर आत्यानं पट्टी आडवी धरायला लावली, एक डोळा मिटला, मान तिरपी केली आणि पट्टी हळूहळू सरकवायला सांगितली. मी सरकवत होतो. निम्म्या वाटेवर ती थांबली.

“गज मोडायलेत.”

मी दचकून खिडकीकडे बघितलं.

“तिथले नाही रे बाबा. पट्टीतले.”

मग मी बघितलं. वरवर बघायची सवय असलेल्या डोळ्याला आत बघायला वेळ लागतो. पट्टीत खिडकीचे गज ओळीनं सरळ उभे होते. एका जागी मात्र दोन गज एकमेकांना चिकटत होते, मग एकदम फाकत होते, जणू पाण्यावरून वारा गेला. चेप होता. चेप काढलाच नव्हता, नुसता चमकवला होता. मळक्या पट्टीत तो लपून राहिला असता. चमकल्यावर त्यानं स्वतःहून तोंड वर काढलं.

आत्या हे शिकली भांड्यांच्या दुकानात. तिच्या लग्नात पितळेची भांडी होती, कल्हईवाला दारावर यायचा. मग स्टील आलं, कल्हईवाला गेला, आणि आत्याच्या हाती परीक्षकाचं पद आलं. तीन मुली आणि चार पुतण्या अशी सात लग्नं तिनं पार पाडली. सातही रुखवतांची भांडी तिनं स्वतः निवडली. ताट हातात घ्यायची, डोळ्यांच्या रेषेत आडवं धरायची आणि दुकानाच्या ट्यूबलाइटची काडी ताटात कशी पडते ते बघायची. काडी सरळ तर ताट आत, काडीचा साप झाला तर ताट बाहेर. नाव घालायच्या आधी ही परीक्षा. एकदा नाव पडलं की ताट परत घेत नाहीत. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनातले परीक्षक पट्टी बघताना हेच करतात असं पुढे कळलं : तेज बघत नाहीत, तेजात पडलेली सरळ रेघ बघतात. आत्याला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, “मग काय बघावं माणसानं?”

दुसरी परीक्षा तिनं नखानं घेतली. पट्टीच्या काठावरून नख ओढलं आणि म्हणाली, “काठ गेला.” खरंच होतं. मूळच्या पट्टीला काठालगत एक बारीक शीर होती, तिची धार बफनं, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकानं, खाऊन टाकली होती. चिंचोक्यासारखी गोल गुळगुळीत झाली होती. तिसरी परीक्षा पाठीची. पट्टी उलटी करून ती पोकळ बाजू बघत राहिली. मी म्हटलं, “आत्या, ती बाजू गाडीला चिकटते, कोणाला दिसत नाही.”

“पोरगी बघायला गेल्यावर बैठक कोणीबी बघतं,” ती म्हणाली. “मागं जाऊन मोरी बघावी.”

पाठीवर हातोडीची एकही खूण नव्हती. म्हणजे आतून कोणी ठोकलंच नव्हतं.

मी पट्ट्या पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि नांदेड गाठलं. मालक नव्हता. बफवर एक पोरगा होता, तोंडाला दस्ती बांधलेली, भुवयांपर्यंत काळा. त्याला खिडकीचे गज दाखवायला तिथं खिडकी नव्हती, म्हणून ट्यूबलाइट दाखवली. त्यानं बघितलं आणि नाकारलं नाही, हे मला फार आवडलं. उलट सगळं सांगितलं. चेप आधी पाठीकडून लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक हातोडीनं उचलायचा. मग पुढून कानस नुसती फिरवायची : उंचवटा असेल तिथं कानस लागते, खड्डा असेल तिथं लागत नाही. पुन्हा ठोकायचं. कानस सगळीकडे सारखी लागेपर्यंत हेच. मग पॉलिशपेपर, ३२० पासून चढत हजारापर्यंत, आणि प्रत्येक कागद आधीच्या कागदाला आडवा, म्हणजे आधीची रेघ उरली असेल तर ती चटकन डोळ्यांवर येते. त्यानंतर काथ्याचं चाक, मग सुती चाक. घाई करणारा मधले दोन कागद गाळतो. दुकानात कळत नाही. संध्याकाळी पाच वाजता ऊन तिरपं आलं की चकाकीखालून जुन्या रेघा वर येतात.

“आणि जोर लावला तर?”

“तापतंय. हे पोलाद उष्णता पुढं जाऊ देत नाही, जागच्या जागी तापतंय. निळं पडतंय, वाकडं होतंय. आणि बफनं काठ धरला तर पट्टी हातातून ओढून घेतंय.” त्यानं मनगट दाखवलं. तिथं एक पांढरी रेघ होती, अगदी सरळ.

“मग तू चेप काढला का नाहीस?”

“काका, गिऱ्हाईक चमक बघतंय. चमकीचे पैसे मिळतात. ठोकायचे मिळत नाहीत.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण भाव फुटावर ठरवताना ‘सरळ’ हा शब्द माझ्याही तोंडून निघाला नव्हता. शाळेत चाळीस वर्षं मी वह्या तपासल्या. सुंदर अक्षराला मी किती मार्क देऊन बसलो असेन, आणि त्या अक्षरात उत्तर काय लिहिलंय हे किती वेळा बघितलं असेल, हा हिशोब एस. टी.नं कळमनुरी येईपर्यंत डोक्यात चालू होता. बसच्या खिडकीचा गजही वाकडा होता.

मधल्या काळात पुण्याहून एका नातेवाइकाचे जावई आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांच्यामुळे ज्ञान वाढलं : २०२१ पासून केंद्राच्या नियमानं पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात राखलेली असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणीची फी वीस हजार, आणि मग ती रोजच्या कामाला वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. बाळंतपण त्यात बसत नाही. “पण तुमच्या पट्ट्या मूळच्या नाहीत,” ते म्हणाले. आणि खिशातून चुंबक काढून घरी राहिलेल्या एका पट्टीला लावलं. चुंबक चिकटलं. “हे स्टेनलेसही नाही.”

माझा चेहरा पडला. सगळ्यांत वाईट म्हणजे तो पट्टीत स्पष्ट दिसला.

आत्या आतून एक डबा घेऊन आली. जावयांच्या हातातलं चुंबक घेतलं, डब्याला लावलं, पडलं. झाकणाला लावलं, चिकटलं. “वीस वर्षं झाली याला,” ती म्हणाली, “दोन्हींवर डाग दाखवा.” जावई गप्प झाले. नंतर त्यांनीच मोबाइलवर वाचून दाखवलं : क्रोमियमबरोबर पुरेसं निकेल घातलेलं, अठरा-आठच्या जातीचं स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही, निकेल न घातलेलं, नुसत्या क्रोमियमचं स्टेनलेस देतं. दोन्ही अस्सल. मोटारीच्या पट्ट्यांना दुसरं पुष्कळ वापरतात, कारण ते स्वस्त. जाताना त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला. चुंबक मात्र तिनं परत दिलं नाही. फ्रिजला लावलंय.

पट्ट्या दुसऱ्यांदा आल्या त्या वेळी मी ठोकायचे पैसे वेगळे कबूल केले होते. कागद सोडला आणि पहिल्यांदा पाठ बघितली. पाठीवर हातोडीच्या बारीक खुणा होत्या, पावसाचे पहिले थेंब धुळीत पडल्यासारख्या. चमक या खेपेला कमी वाटली. का कोण जाणे, मला तीच आवडली. मिस्त्रीनं दोन दिवस घालून तुकडे नंबरानं बसवले, एकाची रेघ दुसऱ्यात बिनठेच जाईल असे. गाडी ओसरीसमोर उभी केली, सावलीत.

आत्या काठी टेकत आली. पुढच्या चाकाशी वाकली. मला वाटलं खिडकी शोधतेय. ती कपाळ बघत होती. करंगळीनं कुंकू नीट केलं. पट्टीत कुंकू एक, वाटोळं. टपाला धरून ती पुढच्या तुकड्याशी गेली, वाकली. एक. दरवाजा. एक. मागचा दरवाजा. एक. मी आणि मिस्त्री श्वास धरून तिच्या मागून चालत होतो. देवळाभोवती एवढ्या मनानं मी कधी प्रदक्षिणा घातली नव्हती. डावी बाजू झाली. उजव्या बाजूनं ती मागून पुढे आली. शेवटचा तुकडा दिव्याजवळचा, वीतभर. तिथं ती वाकली आणि तशीच राहिली. मान इकडे केली, तिकडे केली.

“इथं दोन दिसायलेत.”

“आत्या,” मी हात जोडले, “एवढ्या एका तुकड्यासाठी आता पुन्हा नांदेडला नको लावू. राहू दे.”

तिनं पट्टीवरून एकदा बोट फिरवलं, पदरानं ठसा पुसला.

“राहू दे की,” ती म्हणाली. “पैसे मात्र एकाच कुंकवाचे दे.”