घासाघीस

उल्हासनगरात वस्तूची किंमत विचारणं म्हणजे नुसता नमस्कार असतो. दुकानदार एक आकडा सांगतो, आपण त्याच्या निम्मा सांगतो, दोघेही अपमान झाल्यासारखा चेहरा करतो आणि मग खरं बोलणं सुरू होतं. गावाचा पायाच तसा पडला आहे. कल्याणजवळच्या लष्करी ट्रान्झिट कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, छावणीचं शहर झालं, आणि घरदार सिंधमध्ये सोडून आलेल्या माणसांनी हाताला लागेल ते विकायला काढलं. लष्कर गेलं तरी कॅम्प एक ते पाच हे पत्ते राहिले, आणि भाव करायची रीत रुळांच्या कडेकडेने अंबरनाथ, बदलापूरपर्यंत पसरली. आम्ही रिक्षावाल्याशी भाव करतो, टँकरवाल्याशी करतो, आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकायला मिळावं म्हणून बसलेल्या तिघांशी नुसत्या नजरेने करतो.

या सगळ्या पट्ट्यात भावाचं बोलणंच न ऐकणारी एक चीज मी पाहिली. आठ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट.

ती आमच्या बदलापूरच्या घरात आली भाच्यामुळे. भाचा ऐरोलीला आयटीत आहे. दिवसभर संगणकासमोर बसून येतो आणि विरंगुळा म्हणून रात्री दुसऱ्या संगणकासमोर बसतो. त्या दुसऱ्याचं कॅबिनेट आपण स्वतः, घरी, हाताने करायचं असं त्याच्या मनाने घेतलं. तयार कॅबिनेटं लॅमिंग्टन रोडवर भिंतभर मिळतात, पण त्यांचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो आणि टिचकी मारली की वाजतो. आपलं वाजता कामा नये, हा भाच्याचा एककलमी कार्यक्रम. २००३ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी-फाइव्ह हा संगणक ॲल्युमिनियमच्या पेटीत आणला. पुढची बाजू नुसती भोकंच भोकं. तेव्हापासून जगभरच्या हौशी मंडळींच्या डोक्यात हा धातू जाऊन बसलाय. भाच्याने त्या पेटीचा फोटो आईला, म्हणजे माझ्या बहिणीला दाखवला.

"किसणी आहे," ती म्हणाली.

इंग्रज-अमेरिकन लोकही तिला किसणीच म्हणतात, असं भाच्याने सांगितल्यावर बहिणीचं त्या लोकांबद्दलचं मत जरा सुधारलं.

जाड ॲल्युमिनियमने संगणक थंड राहतो, असंही भाचा सुरुवातीला सांगे. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेतं हे खरंच आहे. पण प्रोसेसर त्या भिंतीला टेकलेला नसतो. मधे हवा असते आणि ती हलवायला पंखा लागतो. घराच्या भिंती जाड केल्या म्हणून वारा येत नाही, खिडकीच लागते. मी हे बोलून दाखवल्यावर "मामा, दिसायलाही काहीतरी पाहिजे ना," असं तो म्हणाला. खरं कारण एवढंच होतं, आणि मला ते पुरेसं वाटलं.

प्लेट आणायला आम्ही उल्हासनगरातच गेलो. हा माल किलोवर मिळतो. दुकानदाराने प्लेट काउंटरवर आपटून आवाज ऐकवला आणि "एचई तीस आहे, फर्स्ट क्लास," असं सांगितलं. एचई-३० म्हणजे जगाच्या यादीतलं ६०८२, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेलं मिश्रण. घरातल्या जर्मनच्या पातेल्याला पोचा येतो तसा याला सहज येत नाही. भाच्याने किलोचा भाव बराच खाली आणला आणि जिंकल्याच्या आनंदात काट्याकडे पाहिलं. ॲल्युमिनियम हलकं असतं, असं शाळेपासून ऐकलेलं. घनता २.७, लोखंडाच्या एक तृतीयांश. पण अर्धा मीटर लांब, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि आठ मिलिमीटर जाड अशी एकच बाजू जवळजवळ पाच किलो भरते, आणि पेटीला बाजू असतात सहा. भाव उतरला होता, वजन उतरेना. एवढं ओझं घेऊन आम्ही मालडब्यात चढलो. तिथल्या एका भाजीवाल्या मावशींनी प्लेटवर हात फिरवून "ताटं ठोकणार का?" विचारलं. "कॉम्प्युटरचा डबा करणार," असं ऐकल्यावर त्यांनी आम्हाला बसायला जागा दिली, ती बहुधा कीव येऊन.

इथे कोणीही शहाणा माणूस विचारील की अंबरनाथला आनंदनगरची एमआयडीसी असताना हाताने कापायचं कशाला? ड्रॉइंग पेनड्राइव्हवर न्यायचं, लेझर ते चहा संपायच्या आत कापून देतो, कडासुद्धा गुळगुळीत. मीही विचारलं. भाचा म्हणाला, "मग मी काय केलं?" दिवसभर तो जे करतो ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि वर्षअखेरीस त्याचं मूल्यमापन दुसराच कोणी करतो. त्यामुळे या प्रश्नावर मी गप्प बसलो.

गॅलरीत कापाकापी सुरू झाली आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. आम्हाला वाटलं, दुपारच्या झोपेची तक्रार. तक्रारच होती, पण आवाजाबद्दल नव्हती, आवाजाच्या जातीबद्दल होती. "पातं मागे येतानाही दाबताय तुम्ही. दात पुढे कापतात. मागे येताना नुसतं उचलून आणायचं."

काका अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्या गावात संरक्षण खात्याचे दोन कारखाने, दुसरा ऑर्डनन्स फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा एक कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये गेला आणि दुसरा यंत्र इंडियात. काका त्याला भावाभावांची वाटणी म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. कल्याण-कर्जत पट्ट्यातल्या इमारतींत अशी माणसं पुष्कळ आहेत. सकाळी दूध आणतात, संध्याकाळी बाकावर बसतात. त्यांच्या बोटांच्या टोकांत एक अख्खं वर्कशॉप आहे, हे आपल्याला ती कशाला तरी हात लावीपर्यंत कळत नाही.

काकांनी आधी पातं बदलायला लावलं. आमच्याकडचं होतं इंचाला ३२ दातांचं. ते पातळ पाइपासाठी ठीक. जाड, मऊ धातूत त्या बारीक दातांमधल्या फटी कीसाने भरतात आणि पातं नुसतं घसरत राहतं. १८ दातांचं हवं, फार तर १४. कापताना धातूच्या जाडीत किमान तीन दात असावेत आणि उगीच गर्दीही नसावी. मिनिटाला चाळीस-पन्नास हात, त्याहून घाई नाही. पात्याला थेंबभर रॉकेल. रॉकेल आता कोणाच्या घरी असतं? काकांच्या घरी होतं, औषधाच्या जुन्या बाटलीत, बूच लावून. कापता कापता हॅक्सॉची फ्रेमच प्लेटच्या कडेला येऊन अडली, तेव्हा त्यांनी पातं फ्रेममध्ये काटकोनात फिरवून लावलं आणि फ्रेम बाजूने चालवली. ही युक्ती त्या फ्रेमच्या रचनेतच आहे. आमच्या घरात ती फ्रेम बापजाद्यांपासून होती आणि ते चौकोनी टोक कशासाठी, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. ग्राइंडरला मात्र त्यांनी साफ मनाई केली. मऊ ॲल्युमिनियम दगडी चाकाच्या छिद्रांत जाऊन बसतं, चाक तापतं आणि फुटूही शकतं.

भाच्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला चार-पाच अब्ज. भाच्याचे मिनिटाला चाळीस. एका हातात पातं पुढे जाऊन मागे येईस्तोवर आतल्या पाहुण्याने सहा-सात अब्ज वेळा घड्याळात पाहिलं असणार. घर बांधायला लागणारा वेळ आणि राहणाऱ्याची घाई यांचा मेळ बदलापुरात कुठेच बसत नाही, तेव्हा त्याचं फारसं वाईट वाटून घेतलं नाही.

कापण्यापेक्षा खरं काम कानशीचं. कापताना धातू तुमचं काही ऐकत नाही, पण कानस लागली की त्याचं-आपलं बोलणं सुरू होतं. आपण म्हणतो ३०५, तो म्हणतो ३०५.६. आपण दहा हात मारतो, तो अर्ध्यावर येतो. ॲल्युमिनियमचा कीस कानशीच्या दातांत चिकटून बसतो आणि मग तोच पुढच्या हाताला खोल ओरखडे काढतो. त्यावर उपाय म्हणजे कानशीवर आधी खडू घासायचा. भाच्याच्या घरात खडू नव्हता. शेजारच्या पहिलीतल्या मुलीकडे होता आणि तिने तो द्यायला बरीच बोलणी केली.

काका गुण्या कडेला लावून प्लेट उजेडाकडे धरत. गुण्या आणि कड यांच्यात कुठे फट असली तर तिथून प्रकाश येतो. "उजेड दिसतोय," ते म्हणत. भाचा पुन्हा घाशी. पुन्हा गुण्या. "अजून उजेड आहे." आमच्या खानदानात इतका उजेड पूर्वी कोणी पाडला नव्हता. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलाला आधी हेच करावं लागतं, एक लोखंडी ठोकळा सपाट आणि काटकोनी घासणं. मग एकात एक बसणारे नर-मादी तुकडे. त्यात मुलाची कानस सुधारते आणि स्वभाव कळतो, असं काकांचं म्हणणं.

एकदा सकाळी बरोबर असलेलं माप दुपारी चुकलं. भाचा हबकला. काकांनी प्लेटला हात लावला आणि "उन्हात ठेवलीत का?" विचारलं. ॲल्युमिनियम तापलं की बऱ्यापैकी वाढतं. अर्धा मीटरची प्लेट वीस अंशांनी तापली तर जवळजवळ पाव मिलिमीटर लांब होते. बदलापूरच्या एप्रिलमध्ये गॅलरीतल्या प्लेटला वीस अंश म्हणजे काहीच नाही. म्हणजे हा गडीही दुपारी वेगळा आकडा सांगतो, तर. तेव्हापासून माप सावलीत, आणि सकाळीच.

गंमत अशी की ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, त्या मदरबोर्डनेच घासाघिशीला जागा ठेवलेली असते. एटीएक्स हे त्याचं माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवून दिलं, ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर. मुळात इंचातलं, १२ गुणिले ९.६. बोर्डाची भोकं जवळजवळ चार मिलिमीटरची आणि त्यांत जाणारा स्क्रू साडेतीनचा. मधला अर्धा मिलिमीटर जगातल्या सगळ्या हातांच्या थरथरीसाठी सोडलेला. काकांना हे कळल्यावर त्यांचा संगणकाबद्दलचा आदर वाढला. "टॉलरन्स दिलाय," ते म्हणाले, "म्हणजे ज्याने काढलं त्याने कधीतरी कानस धरली असणार."

त्या स्क्रूचे आटेही इंचातलेच, सहा-बत्तीस नावाचे. आपल्याकडे कुठेही एम-थ्री, एम-फोरचा टॅप मिळतो. सहा-बत्तीस म्हटलं की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर तिन्ही गावं मान हलवतात. तो शेवटी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला मिळाला. हत्यारांच्या त्या गल्लीत दुकानदाराने भाव सांगितला आणि भाचा काही न बोलता पैसे काढू लागला. दुकानदार दुखावल्यासारखा दिसला.

पंख्याचं भोक मोठं, साडेअकरा सेंटिमीटर व्यासाचं. एवढा होल सॉ कोणाकडे नव्हता. मग वर्तुळ आखून त्याच्या आतल्या अंगाने शेजारी-शेजारी साठेक बारीक भोकं पाडली, मधल्या भिंती कापल्या, तुकडा ठोकून बाहेर काढला आणि उरलेल्या दातऱ्या पुन्हा कानशीने गोल केल्या. या टप्प्यावर अंबरनाथच्या शिवमंदिराचा दाखला द्यायचा मोह होतो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेलं, दगडाचा तसूही मोकळा न सोडलेलं मंदिर घरापासून एका स्टेशनावर आहे. देत नाही. त्या कारागिरांच्या पाठीशी शिलाहार राजे होते. भाच्याच्या पाठीशी मी, आणि तोही प्लेटचं दुसरं टोक धरायला.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "दुपारी २ ते ४ शांतता राखावी" असा निरोप आला. काकांनी त्याखाली अंगठा दिला आणि कानस घेऊन वर आले.

पेटी झाली. उचलायला दोन माणसं लागतात आणि टिचकी मारली तर बोट दुखतं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून घासाघीस करून आणलेलं टेबल तिच्याखाली मधोमध वाकलं, म्हणून ती सध्या जमिनीवर आहे. भाचा आता टेबलाचं ड्रॉइंग काढतोय. आठ मिलिमीटरमध्येच.

पंख्याच्या भोकातून निघालेली चकती आणि कडेच्या पट्ट्या उरल्या होत्या. चकती लोणच्यावर वजन म्हणून ठेवावी असं बहिणीच्या मनात होतं. आंबट-खारटाला ॲल्युमिनियम चालत नाही, असं काकांनी बजावलं आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या धडधडीकडे कान देऊन "ते काय वाजतंय?" विचारलं. वॉशिंग मशीन. घेतल्यापासून कपडे पिळताना चालत चालत दारापर्यंत यायचं. कंपनीचा माणूस येऊन फरशी वाकडी असल्याचं सांगून गेला होता. काकांनी पाणसळ लावून पाहिली, एक पट्टी उचलली, तिचा चौकोनी तुकडा कापला, घासला, मशीनच्या एका पायाखाली सरकवला, काढला, पुन्हा दोन हात घासला आणि सरकवला.

मशीन हललं नाही. बहिणीने पिळण्याचं पूर्ण चक्र उभं राहून पाहिलं आणि मग मुलाकडे वळून म्हणाली, "हे आधी नाही का करायचं?"