एक बाटली, तीन खोकले

"खोकल्याची एक बाटली द्या."

शहागडच्या स्टँडजवळ, मेडिकलवर माझ्यापुढं उभ्या असलेल्या बाई एवढंच बोलल्या. कडेवर दीड वर्षाचं पोर, मागं म्हातारी सासू, आणि खोकला तिघांनाही. ऊसतोडीचे दिवस, फडातली धूळ, पहाटेचा गोदाकाठचा गारठा. काउंटरवरच्या पोरानं बाटली पिशवीत टाकली आणि पैसे घेतले. कुणाला द्यायची, किती द्यायची, खोकला ओला की सुका, काही विचारलं नाही.

याचा मला राग येतो. कारण 'खोकल्याचं औषध' नावाची एक वस्तू नसतेच. एक औषध कफ पातळ करतं, दुसरं खोकल्याची उबळ दाबतं. दोन्हींची कामं उलटी. ॲम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्झिन, ॲसिटिलसिस्टीन ही पातळ करणारी. त्यांनी चिकट बेडका सैल केला की तो खोकूनच बाहेर पडायचा असतो. अशा वेळी रात्री झोप लागावी म्हणून डेक्स्ट्रोमेथॉर्फनसारखं उबळ दाबणारं औषध पाजलं, तर सुटलेला कफ छातीतच साचतो. खोकला थांबला म्हणून घर खूश, आणि आत घरघर वाढलेली.

मी त्या बाईंना थांबवलं. बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली: ॲम्ब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन, टर्ब्युटालिन. हे तिसरं श्वासनळ्या मोकळ्या करतं, पण त्यानं हात थरथरतात, छातीत धडधडतं. आजींना विचारलं, तर त्यांना हृदयाच्या गोळ्या चालू. डॉक्टरला न विचारता ही बाटली त्यांनी घ्यायचीच नाही.

"अडुळशाचंच असतं की, काय होतंय?" आजी म्हणाल्या. त्या अगदीच चुकल्या नव्हत्या. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन घडवलं गेलं, आणि ब्रोमहेक्झिन पोटात गेल्यावर शरीर त्याचं ॲम्ब्रॉक्सॉल बनवतं. पण नातं झाडाशी आहे म्हणून औषध निरुपद्रवी होत नाही. क्वचित का होईना, अंगाची कातडी सोलवटेल इतकी गंभीर ॲलर्जी या दोन्हींनी होऊ शकते, असा इशारा युरोपच्या औषध नियामकांनी २०१५ मध्ये दिला. पुरळ उठलं, तोंडात फोड आले, की औषध तिथंच बंद आणि थेट दवाखाना. पोटात अल्सर असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं. दमेकऱ्यानं ॲसिटिलसिस्टीन मनानं घ्यायचं नाही, त्यानं श्वासनळ्या आवळू शकतात.

आणि ते दीड वर्षाचं पोर! २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची किती लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत आणली, आपण विसरलो का? कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघालं. चालतं ते फार तर ०.१ टक्का. मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त मुलं गेली. तो दोष कारखान्याचा, मान्य. पण त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य खात्यानं बजावलं होतं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, आणि पाच वर्षांखाली सहसा नकोच. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. अंगावरचं दूध, पाणी, ऊब पुरते. बरगड्या आत ओढल्या जात असतील, श्वास भरभर चालत असेल, तर मात्र बाटलीत वेळ घालवायचा नाही.

राहिल्या त्या बाई स्वतः. त्यांचा खोकला ओला, चार दिवसांचा, बाकी काही दुखणं नाही. बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण काढून आतली पाच मिलीची रेघ दाखवली. घरातला चमचा नाही, हे माप. एका घरात छोटा चमचा असतो, दुसऱ्या घरात आमटीचा, आणि औषध त्याप्रमाणं दुप्पट-तिप्पट होतं. बरोबर पाणी भरपूर प्यायचं. चार-पाच दिवसांत उतार नाही पडला तर दुसरी बाटली नाही, डॉक्टर.

निघता निघता आजींना विचारलं, "तुम्हाला कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

दोन आठवड्यांवर गेलेला खोकला पातळ करत बसायचा नसतो, तपासायचा असतो. सरकारी दवाखान्यात क्षयाची थुंकीतपासणी फुकट होते. डबी देतील, आजी, तिच्यात लाळ नाही द्यायची. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, आणि छातीतून येईल तो बेडका.