शुभमंगल, सविस्तर

लग्नावरची ही नवी हलकीफुलकी कादंबरी वाचून लेखकाच्या संयमाचे कौतुक वाटले. रुखवतातल्या साखरेच्या तुळशीवृंदावनाला चार पाने आहेत, विहीणबाईंच्या मानाच्या साडीला सहा, आणि नवरानवरीच्या संभाषणाला एकही नाही. योग्यच आहे. ऐन कार्यात त्या दोघांना विचारतो कोण? देवलांनी १८९९च्या ‘संगीत शारदा’त सगोत्राचे निमित्त काढून भर लग्नात खोडा घातला होता, असला आगाऊपणा इथे नाही. पुढील आवृत्तीत उरलेसुरले कथानकही गाळावे आणि त्या जागी केटररचे दरपत्रक छापावे, ही नम्र सूचना. चांगले पुस्तक घरात अडवून ठेवू नये, म्हणून रविवारी एका लग्नात मी ते आहेर केले. परतीच्या आहेराच्या पिशवीत नारळाखाली तीच कादंबरी निघाली.