बाटली गोळा झाली, पुढे काय?

प्लास्टिकचा विषय निघाला की आपली चर्चा गोळा करण्यापाशीच अडते. मार्च 2018मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हाही गदारोळ झाला तो बाटली कोण परत घेणार आणि तिचे किती पैसे मिळणार यावर. भंगाराच्या गोणीतून बाटली पुढे जाते, तिथे तिचं काय होतं हे फारसं कोणी विचारलं नाही. खरी अडचण तिथेच आहे आणि ती रसायनाची आहे.

पेट या प्लास्टिकची बाटली वितळवली की नवी बाटली तयार, हा समज साफ चुकीचा आहे. पेट म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या. 280 अंशांच्या आसपास तापलेल्या एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, पाण्याचा अंश गेला तरी ते पाणी या साखळ्या तोडत सुटतं. म्हणून बाटल्यांचे फ्लेक्स, म्हणजे बारीक तुकडे, आधी साधारण 160 अंशांवर, कोरड्या हवेत काही तास वाळवावे लागतात; ओलावा दहा लाखांत 50 भागांच्या खाली उतरावा लागतो. हाताला खडखडीत कोरडा लागणारा फ्लेकसुद्धा या हिशेबात ओलाच. ड्रायरवर पैसे वाचवले की साखळ्या आखूड होतात, वितळलेला माल पातळ होतो, त्याची बाटली फुगत नाही. मग त्याचा धागा काढतात. धागा वाईट नाही, पण त्याची पुन्हा बाटली होणं दुर्मीळच.

तुटलेल्या साखळ्या जोडताही येतात. माल वितळू न देता 200 ते 220 अंशांवर, निर्वातात किंवा नायट्रोजनखाली तासन्‌तास ठेवायचा आणि सुटणारं पाणी व ग्लायकॉल सतत ओढून घ्यायचं. किती तापमान, किती वेळ, दाणा केवढा, हे ठरवणारं शास्त्र म्हणजे पॉलिमर रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग. रसायन अभियंते डॉ. रघुनाथ माशेलकर 1976मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आले, तेव्हापासून या विषयावर तिथे मोलाचं काम झालं आहे. घरच्या अंगणातली ही विद्या कचऱ्याच्या धोरणात मात्र दिसत नाही. झाडू आणि गाड्यांना निधी मिळतो, तसा ड्रायर आणि रिअ‍ॅक्टरच्या संशोधनालाही मिळायला हवा.

आणि बाटलीवरचं ते लेबल! काही बाटल्यांना पीव्हीसीचं घट्ट वेष्टन असतं. धुण्याच्या टाकीत झाकणं तरंगतात, पेट बुडतं. पण पीव्हीसीही बुडतं, कारण दोघांची घनता जवळपास सारखी. ते पेटबरोबर एक्स्ट्रूडरमध्ये शिरलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, साखळ्या तुटतात, माल पिवळा-तपकिरी पडतो. इवल्याशा तुकड्यांनी अख्खी खेप नासते.

बाटली विकणाऱ्यांनी हे वेष्टन आजच बंद करावं. आणि वाचकहो, बाटली देताना तिच्यावरचं वेष्टन फाडून वेगळं टाका.