जोत्याखालचे सभासद

आमच्या हॉलमधल्या खिडकीखालची एक फरशी पहिल्या पावसापासून वेगळ्या सुरात बोलू लागली. बाकीच्या फरशांवर टाच आपटली की 'टक', हिच्यावर 'डब'. गवंड्याला बोलावलं. त्यानं थापीच्या दांड्यानं दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "साहेब, खाली पोकळ आहे. घूस राहते." 'राहते' हा शब्द त्यानं अशा आदरानं उच्चारला की तिच्या नावानं वीजबिल येत असावं.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना घूस समजावून सांगावी लागत नाही. वरच्या मजल्यांसाठी सांगतो. उंदीर पाइपावरून चढतो, घूस खणते. मोठी घूस किलोभर भरते. इंग्रजांना तिचं स्वतःचं नाव सुचलं नाही, म्हणून त्यांनी तेलुगूतला 'पंदिकोक्कु' उचलून 'बँडिकूट' केला. मूळ अर्थ डुक्कर-उंदीर, आणि तेलुगू माणसानं तो विचारपूर्वक ठेवला असणार हे तिची घुरघुर एकदा ऐकल्यावर पटतं. सकाळी ड्रेनेजच्या चेंबरशेजारी भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की ओळखावं, रात्री आपल्या जोत्याखाली एक खोली वाढली. त्या खोलीला ना एफएसआय लागतो, ना ओसी. आम्हा पार्लेकरांचा पुनर्विकास वर्षानुवर्षं अडलेला असताना आमच्याच इमारतीखाली हा एवढा एकच प्रकल्प वेळेत पुढे सरकत होता.

मी सोसायटीला पत्र दिलं. विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत नवव्या क्रमांकावर आला, 'आयत्या वेळच्या विषयां'च्या जेमतेम वर. सभा नेहमीप्रमाणे गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि नेहमीप्रमाणे तीच माणसं, तीच वेफर्स, त्याच जागी पुन्हा भरली. अर्ध्या तासानं गणसंख्या लागत नाही, हा सहकारी चळवळीचा माझा सर्वांत आवडता नियम आहे. जोत्याखाली मात्र त्या वेळी गणसंख्या पूर्ण होती.

पहिला प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारला. "हा तळमजल्याचा वैयक्तिक प्रश्न नाही का?" मी म्हणालो, "काका, जोतं माझ्या एकट्याचं नाही. तुमचा तिसरा मजला त्याच जोत्यावर आहे." काकांनी क्षणभर पायाखाली पाहिलं. बहुधा ही माहिती त्यांना नवी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं की त्यांना जिन्यात काहीतरी लांब नाकाचं दिसलं होतं आणि त्याला मारू नये, लक्ष्मी येते. ती चिचुंद्री, वहिनी. ती उंदीर नव्हेच, तिला झुरळं खायची असतात. तिला माझा पाठिंबा आहे. मग खजिनदार उठले. एकतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. ते म्हणाले, "इतिवृत्तात 'घूस' हा शब्द नको. 'घुशीच्या बंदोबस्तासाठी रक्कम मंजूर' असं लिहिलं तर ऑडिटर वेगळा अर्थ काढेल." यावर मात्र सर्वांचं एकमत झालं. घुशीचा त्या दिवसापासून 'उंदीर' झाला. तिचं वजन काही कमी झालं नाही.

सभेला बोलावलेल्या गवंड्याचा हिशेब सोपा होता. चेंबरचं फुटलेलं झाकण बदलायचं. स्वयंपाकघराचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो, त्याच्याभोवती दोन बोटांची फट आहे, ती बुजवायची. घुशीच्या बिळात काचा कुटून घातलेलं सिमेंट भरायचं आणि जोत्याला लागून बारीक तारेची जाळी जमिनीत हातभर खोल गाडायची. अर्ध्या इंचाहून मोठी फट उंदराला दरवाजा वाटते, त्यामुळे फटी शोधण्यातच खरी मेहनत. एकूण खर्च चार हजार. सेक्रेटरीसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पण यात उंदीर किती मरणार?"

एकही नाही, असं गवंडी प्रामाणिकपणे म्हणाला आणि त्याचं काम तिथेच गेलं.

त्या क्षणी मला महाराष्ट्राच्या कारभाराचा एक मूलभूत नियम कळला. मेलेला उंदीर मोजता येतो, त्याची नोंद होते, त्याचं बिल निघतं. न आलेल्या उंदराचं काय करायचं? त्याचा फोटो कसा काढणार? मुंबई महापालिकेकडे रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत. काठी आणि बॅटरी घेऊन हे लोक गल्लीबोळांत फिरतात. रात्रीचा कोटा ३० उंदीर, आणि तो भरला नाही तर पगाराचं काय होईल याची चिंता सकाळपर्यंत. मला या माणसांबद्दल आदर आहे. पावसात, अंधारात, उघड्या गटाराशेजारी वाकून तीस मोजून आणायचे, हे काम वातानुकूलित खोलीत बसून कुणी करत नाही. किंवा करतात बहुधा. २०१८ च्या मार्चमध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब वाचून दाखवला होता तो आठवा. सहा महिन्यांचं कंत्राट, काम सात दिवसांत पुरं आणि मेलेले उंदीर ३,१९,४००. भागाकार केला तर दिवसाला ४५ हजारांहून जास्त, मिनिटाला एकतीसहून जास्त. महापालिकेचा माणूस जे रात्रभरात करतो ते मंत्रालयात एका मिनिटात, आणि तेही शिळ्या वड्याचं आमिष न दाखवता. नंतर खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नव्हता, विषाच्या गोळ्यांचा होता. म्हणजे गोळ्या मोजल्या गेल्या, उंदीर नाहीत. मला तो खुलासा मूळ आरोपापेक्षा जास्त मनोरंजक वाटला.

आमच्या सोसायटीनं याच थोर परंपरेला जागून गोळ्यांचं कंत्राट दिलं. वार्षिक, चौदा हजार, अधिक जीएसटी. एक मुलगा आला, कंपाउंडभर काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या ठेवून गेला, त्यांत निळ्या वड्या. दर महिन्याला येतो, डब्या उघडतो, वहीत लिहितो 'खाल्ल्या : ११' आणि सेक्रेटरींची सही घेतो. कुणी खाल्ल्या, हा रकाना वहीत नाही. मी एकदा पावसात डबी उघडून पाहिली. आत एक गोगलगाय निवांतपणे जेवत होती. हे विष रक्त गोठू देत नाही आणि चार-पाच दिवसांनी काम करतं, म्हणजे एक मेला तरी बाकीच्यांना वडीचा संशय येऊ नये. हुशारीची योजना. पण उंदीरही वाटेत आलेल्या नव्या वस्तूकडे आधी दिवसेंदिवस संशयानं बघतात, लगेच तोंड लावत नाहीत. आमच्या सभासदांइतके ते भोळे नाहीत.

तक्रारी वाढल्यावर कंत्राटदारानं बिळात धुरी सोडली. आमच्या ए विंगखालच्या घुशी रातोरात बी विंगखाली गेल्या. हा उपायही या शहरानं आधी करून पाहिला आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेग दिसला, तेव्हा अधिकाऱ्यांनी गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवेपर्यंत १८९८ उजाडलं. तोवर उंदीर शेजारच्या वस्तीत ढकलणं म्हणजे आरोग्यसेवा. बी विंगच्या लोकांना हा इतिहास मी व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी माझ्यावर बहिष्कार टाकला.

आणि बी विंगच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरींची गाडी असते. एका सकाळी ती सुरू होईना. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं तर वायरी कुरतडलेल्या, आत वडापावच्या कागदाचं उबदार घरटं, त्यात गुलाबी पिल्लं. उंदराला कुरतडावंच लागतं, पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. हे मी त्यांना समजावायला गेलो, तेव्हा ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. संध्याकाळी तातडीच्या विशेष सभेची नोटीस लागली, विषय क्रमांक एक. पहिल्याच ठोक्याला हॉल भरला. तहकुबी लागली नाही, वेफर्स पुरले नाहीत. ठराव : निळ्या वड्यांची संख्या दुप्पट करावी.

घरी आलो तर ही ओट्याखाली वाकलेली. हातात भांडी घासायची तारेची घासणी, शेजारी आमटीच्या जुन्या वाडग्यात कालवलेलं सिमेंट. "अहो, बॅटरी धरा," एवढंच म्हणाली. तारेची घासणी पिळून फटीत ठासायची आणि वरून सिमेंट लिंपायचं. तार दाताला लागली की उंदीर मागे फिरतो, असं तिच्या आईनं तिला गुहागरच्या घरी शिकवलं होतं. दोन रात्रींत तिनं पाइपाची फट, मोरीच्या जाळीची कड आणि मीटरखालचं भोक बुजवलं. चेंबरचं झाकण मी गवंड्याकडून बसवून घेतलं. बिळात काचा त्यानंच भरल्या. फरशी काढून पोकळीत रोडा भरला. आता तीही 'टक' करते.

पुढच्या महिन्यात वहीवाल्या मुलानं ए विंगच्या डब्या उघडल्या. एकही वडी खाल्लेली नव्हती. त्यानं 'ए विंग : उंदीरमुक्त' असं प्रमाणपत्र छापून आणलं, सेक्रेटरींनी ते लिफ्टमध्ये चिकटवलं आणि त्याच्या जोरावर कंत्राटाला आणखी एका वर्षाची मुदतवाढ मिळाली.

हिनं सोसायटीकडे बिल पाठवलं. घासण्या सहा, सिमेंट पाच किलो, झाकण, मजुरी. कालच ते खजिनदारांच्या लाल शेऱ्यासह परत आलं : 'मेलेल्या उंदरांची संख्या नमूद नाही. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.'