श्रीयुत धुके यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत धुके,
हंगामी रहिवासी, गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचा काठ, जिल्हा परभणी.

विषय : हिवाळ्यातील दुचाकी व चारचाकी अपघातांचा दोष विनातक्रार स्वीकारल्याबद्दल आभार मानणे व तो यापुढे न स्वीकारण्याची विनंती करणे.

महोदय,

दिवाळी उलटून ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरल्या आणि कापसाने फुगलेले टेम्पो मानवत-सेलूच्या बाजाराकडे निघाले, की परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतून अपघातांच्या ज्या बातम्या येऊ लागतात, त्यांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वाक्यात महोदयांचे नाव आदराने घेतले जाते. ‘दाट धुक्यामुळे समोरचे न दिसल्याने’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे, की पुढे कोण कोणावर आदळले हे वाचण्याची गरजही उरत नाही. इतक्या सातत्याने आणि एकदाही अब्रुनुकसानीचा दावा न लावता दुसऱ्यांचा दोष शिरावर घेणारा दुसरा रहिवासी या जिल्ह्यात आढळत नाही. म्हणून येथील समस्त वाहनचालक, वाहनमालक, ऊस वाहतुकीचे ठेकेदार आणि रस्त्यांची देखभाल ज्यांच्याकडे आहे ती खाती यांच्या वतीने महोदयांचे प्रथम जाहीर आभार मानणे उचित ठरते.

महोदयांचा परिचय शास्त्राने अगोदरच करून ठेवलेला आहे. धुके म्हणजे जमिनीलगत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जलबिंदूंचा थर. हवामानशास्त्राच्या संकेतानुसार दृश्यता, म्हणजे डोळ्यांनी स्पष्ट दिसू शकणारे अंतर, १,००० मीटरच्या खाली आले तरच त्याला धुके म्हणतात, २०० मीटरच्या खाली आले तर ‘दाट’ आणि ५० मीटरच्याही खाली गेले तर ‘अतिदाट’ म्हणतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र लांब असली, की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्याने निवते, तिला लागून असलेली ओलसर हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, थंड होते आणि महोदय अवतरतात. ओल पुरवायला गोदाकाठ आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचे भिजलेले उसाचे फड आहेत. गारठा पुरवायला परभणीची ती प्रसिद्ध थंडी आहे, जिचा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नोंदवलेला किमान आकडा जिल्ह्यात सोन्याच्या भावासारखा रोज वाचला जातो. त्यात कोणी रस्त्याकडेच्या फडातील पाचट पेटवून दिले, तर जो पांढरा पडदा उभा राहतो त्याचे श्रेय एकट्या महोदयांना देणे हा मात्र अन्याय आहे. पाचट जाळू नये, ते कुजवावे, असे शेतीतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

महोदयांवरील आरोपाचे मूळ मराठी भाषेच्या सोयीस्कर रचनेत आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ‘चालकाचा ताबा सुटला’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता ‘ताबा’ हा आहे, चालक हा केवळ षष्ठी विभक्तीत अंग चोरून बसलेला आहे. जणू ताबा नावाचा कोणी स्वतंत्र वृत्तीचा गडी गाडीत बसला होता आणि गंगाखेड रस्त्यावर त्याच्या मनात आले म्हणून तो सुटून गेला. ‘दुचाकी उभ्या ट्रॉलीला धडकली’ या वाक्यात सगळी क्रिया दुचाकीकडे जाते आणि ट्रॉली, ती भररस्त्यात विनादिव्याची का उभी होती या प्रश्नासह, निष्क्रिय व निष्पाप राहते. ‘काळाने घाला घातला’ या मथळ्यात तर संपूर्ण प्रकरण परलोकाच्या हद्दीत वर्ग केले जाते, जेथे येथील कोणत्याही पोलीस ठाण्याचा अंमल चालत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्या समाजाने घडवली त्याच समाजाने अंगणाऐवजी हवा वाकडी ठरवली, एवढाच काय तो फरक.

या भाषेच्या आश्रयाने जिल्ह्यात तीन कायमचे आरोपी तयार झाले आहेत. पहिला आरोपी म्हणजे अज्ञात वाहन, जे धडक देऊन निघून जाते. दुसरा आरोपी म्हणजे मृत दुचाकीस्वार, ज्याच्यावरच कित्येकदा गुन्हा नोंदवला जातो आणि जो आपली बाजू मांडायला उठून येत नाही. तिसरे महोदय स्वतः, जे पहाटे चारच्या सुमारास उतरतात आणि नऊ-साडेनऊला विरून जातात, तर न्यायालयाचे कामकाज अकराला सुरू होते. तिघांनाही समन्स बजावता येत नाही आणि तिघांपैकी कोणाचाही परवाना निलंबित करता येत नाही, हाच त्यांच्या लोकप्रियतेचा आधार आहे.

वास्तविक पोलिसांची फिर्याद महोदयांना आरोपी मानतच नाही. ‘भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ हे तिचे ठरलेले शब्द आहेत आणि त्यांतील ‘रस्त्याची परिस्थिती’ या दोन शब्दांत खड्डा, वळण, चिखल यांच्या रांगेत धुकेही येते. म्हणजे धुके ही चालकाने सांगायची सबब नसून चालकाने लक्षात घ्यायची गोष्ट आहे, असा त्या शब्दांचा सरळ अर्थ आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ व ३०४-अ मध्ये हाच विचार होता आणि १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १०६ मध्येही तोच आहे; निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा तेवढी दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. देशाची आकडेवारीही महोदयांच्या बाजूने साक्ष देते : २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती, आणि त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश अपघात स्वच्छ, उघड्या हवेत झाले. लख्ख उन्हाला कोणी दोषी धरल्याचे मात्र ऐकिवात नाही.

आता ज्याच्यामुळे महोदयांचे नाव सर्वाधिक बदनाम होते, त्या ट्रॅक्टरकडे वळणे भाग आहे. गळीत हंगामात, म्हणजे कारखान्यात ऊस गाळला जातो त्या दिवाळीनंतरच्या चार-पाच महिन्यांत, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून त्यांत फळीच्या वर आणि बाजूच्या बाहेर ऊस रचला जातो, मागे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबत असतात, आणि मागचा दिवा असलाच तर त्या वाढ्यांच्या आत सुरक्षित ठेवलेला असतो. पुढे चालकाजवळचा साउंड मात्र अतिशय कार्यक्षम असतो, त्यामुळे हा डोलारा दिसण्याआधी ऐकू येतो. दुचाकीस्वाराने कानटोपीवर मफलर गुंडाळला असेल तर तेही नाही. अशी ट्रॉली टायर फुटून बसली, की चालक तिच्या मागे व बाजूने दगड मांडतो आणि एखादी बाभळीची फांदी खोचतो. ही व्यवस्था रात्री कोणाला दिसत नाही हा एक भाग झाला. अधिक बोलका भाग असा, की टायर बदलून ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर पोहोचतो तेव्हाही ते दगड रस्त्यावरच असतात आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलची वाट पाहतात. त्या दगडांवर जो पडतो त्याच्या पंचनाम्यात ट्रॅक्टर नसतोच; असलेच तर महोदय असतात.

कायदा याबाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ सांगतो, की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून तर वाहनाचे दिवे लागलेच पाहिजेत, पण ज्या ज्या वेळी पुरेसा उजेड नसेल त्या त्या वेळीही लागले पाहिजेत. म्हणजे महोदयांच्या आगमनाची तरतूद दिल्लीत आधीच करून ठेवलेली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२२ वाहन धोकादायक स्थितीत रस्त्यावर सोडण्यास मनाई करते. राहिला वेगाचा प्रश्न. भारतीय रस्ते महासभेने, म्हणजे रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने, ‘थांबण्यासाठी लागणारे अंतर’ अशी संकल्पना मांडली आहे : अडथळा दिसणे, मेंदूने तो ओळखणे, पाय ब्रेकवर जाणे आणि गाडी प्रत्यक्ष थांबणे या सर्वांत मिळून जेवढा रस्ता कापला जातो तेवढे अंतर. ते ताशी ४० किलोमीटरला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर धरले जाते. अतिदाट धुक्यात ५० मीटरही दिसत नाही. तेव्हा त्यात साठच्या वेगाने जाणारा चालक न दिसणाऱ्या तीस मीटरांवर श्रद्धा ठेवून चाललेला असतो, आणि श्रद्धेचा भंग झाल्यास महोदयांना जबाबदार धरतो. जर्मनीत धुक्यामुळे दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की वेगाची कमाल मर्यादा ताशी ५० किलोमीटरवर आणणारा नियमच आहे, आणि उत्तर प्रदेशातील यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात मोटारींची मर्यादा शंभरवरून ७५ वर आणली जाते. पाथरी ते परभणी या राष्ट्रीय महामार्ग ६१ च्या पट्ट्यात वेग ठरवण्याचा अधिकार अजून तरी मागून हॉर्न वाजवणाऱ्याकडे आहे.

दोषाचे वाटप हा न्यायाधिकरणाचा विषय आहे, आणि तेथेही महोदयांना आसन नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नुकसानभरपाई ठरवताना दोन संकल्पना वापरते : जखमी वा मृत व्यक्तीचाही काही दोष असेल तर तो ‘सहभागी निष्काळजीपणा’ होय व तेवढ्या प्रमाणात भरपाई कापली जाते, आणि दोष इतर दोघा-तिघांचा मिळून असेल तर तो ‘संयुक्त निष्काळजीपणा’ होय व भरपाई त्यांच्यापैकी कोणाकडूनही पूर्ण वसूल करता येते. साहजिकच विमा कंपनीचा वकील प्रत्येक प्रकरणात पहिली संकल्पना शोधतो : हेल्मेट नव्हते, ट्रिपल सीट होते, धुक्यात वेग आवरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की दुचाकीवर तिघे बसणे हा नियमभंग खरा, परंतु त्या तिसऱ्यामुळे अपघात घडला असे दाखवता आले नाही तर केवळ तेवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा ठरत नाही. २०२४ मध्ये त्याच न्यायालयापुढे महामार्गावर दिवे वा इशारा न ठेवता सोडून दिलेल्या चौदा चाकी ट्रेलरवर मोटार आदळल्याचे प्रकरण आले. खालच्या न्यायालयांनी मोटारचालकाला दोषाचा जो वाटा दिला होता तो काढून टाकून सर्व दोष ट्रेलर सोडून जाणाऱ्याचा ठरवण्यात आला. याउलट, डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार झाडावर आदळून आतील प्रवासी मरण पावला, तेव्हा १९७७ च्या निकालात ‘घटनाच स्वतः बोलते’ हे तत्त्व लावले गेले. सावधपणे चालवलेली गाडी सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाही, तेव्हा ती का गेली हे चालवणाऱ्या बाजूने सांगावे. या तिन्ही निकालांत कोठेही हवेवर ठपका नाही.

दोष ठरवण्याला कायदाही थोडा कंटाळलेला दिसतो. मोटार वाहन अधिनियमाच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार दोष कोणाचा हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात, आणि वाहन अज्ञात राहिले तर कलम १६१ खाली अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार रुपये मिळतात. ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराला ही कलमे ‘धुक्यामुळे’ या शब्दापेक्षा अधिक उपयोगी आहेत, आणि बातमीत मात्र शब्दच छापून येतो.

दुचाकीस्वारांविषयी महोदयांना काही तक्रार असल्यास ती ग्राह्य धरावी लागेल. हेल्मेटची काच श्वासाने धूसर होते म्हणून हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर ठेवणे, शालीचे टोक मागच्या चाकापर्यंत लोंबू देणे, आणि समोर पांढरे दिसले की दिव्याचा झोत वर करणे, ही येथील हिवाळी रीत आहे. वर केलेला झोत जलबिंदूंवरून उलटा डोळ्यांत येतो आणि दिसत होते तेही दिसेनासे होते. खाली ठेवलेला झोत निदान रस्त्याची कड दाखवतो. ती कड पाहणे या जिल्ह्यात फार आवश्यक आहे, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसते व पावसात फुगते, त्यामुळे साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली बसलेली असते आणि समोरच्याला वाट देण्यासाठी खाली उतरलेली दुचाकी पुन्हा वर चढताना आडवी होते.

सबब महोदयांना विनंती करण्यात येते, की त्यांनी यापुढे इतरांचा दोष स्वीकारणे बंद करावे. तसेच ज्यांच्या ट्रॉल्या उद्या पहाटे गंगाखेड, पाथरी व पूर्णा तालुक्यांतून कारखान्यांकडे निघणार आहेत, त्या मालकांच्या माहितीसाठी या पत्राची प्रत रवाना करण्यात येत आहे. ट्रॉलीच्या मागे लावायची लाल परावर्तक पट्टी, जिच्यात रेडियम हे मूलद्रव्य औषधालाही नसताना जिला सर्वत्र रेडियमच म्हणतात, ती नंबरप्लेट रंगवणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते.